डुप्लिकेट वही: बिलांसाठी नव्हे, बोलण्यासाठी

वही साधी आहे. शंभर नंबर, प्रत्येक नंबराची दोन पानं. वरचं पांढरं, टोचलेल्या रेषेवरून फाडून समोरच्याला द्यायचं. खालचं पिवळं, वहीतच शिवलेलं. मधे कार्बनचा कागद, आणि मागे जाड पुठ्ठ्याची एक झडप, लिहिलेलं पुढच्या नंबरावर उमटू नये म्हणून. सगळे तिला बिलबुक म्हणून वापरतात. मी गेल्या दोन वर्षांत तिच्यात एकही बिल लिहिलेलं नाही. माझ्या वहीत फक्त तोंडी झालेलं बोलणं असतं. या कामासाठी ती कशी आहे याचा अभिप्राय मला कुठे सापडला नाही, म्हणून मीच लिहितोय.

मी घरांच्या वायरिंगची कामं घेतो. आमच्या धंद्यात मूळ काम कागदावर असतं आणि भांडण कागदाबाहेरच्या कामावरून होतं. कोटेशनमध्ये साठ पॉइंट, म्हणजे दिवा, पंखा, सॉकेट यांच्या जागा, लिहिलेले असतात. मग भिंती उभ्या राहतात, घरमालक मोकळ्या खोल्यांतून फिरायला लागतो आणि पलंगाची बाजू बदलते. पलंग फिरला की टू-वे स्विच फिरतो, पंखा सरकतो, टीव्ही समोरच्या भिंतीवर जातो. "इथे एक पॉइंट द्या की." "जिन्यात दोन लाइट वाढवा." मी विचारतो, जादाचं धरू ना? उत्तर ठरलेलं: "करून टाका हो, शेवटी बघू."

ज्या कामानंतर मी वही घेतली, तिथे हे 'शेवटी बघू' चौदा पॉइंटांपर्यंत गेलं. शिवाय डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारा मुख्य बोर्ड, एका भिंतीवरून काढून दुसरीवर नेला. म्हणजे पाइपांसाठी भिंतीत कोरलेल्या जुन्या झिऱ्या बुजवा, नव्या मारा, पाइप परत टाका. शेवटचं बिल दिलं तेव्हा मालक म्हणाले, "हे सगळं त्यातच धरलं होतं ना?" मी म्हटलं, "साहेब, जिन्याखाली उभं राहून बोललो होतो आपण." ते म्हणाले, "बोललो असू. पैशांचं नाही बोललो." आणि गंमत अशी की ते खोटं बोलत होते असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी दर सांगितला होता, एवढं मला पक्कं आठवतं. त्यांनी ऐकला होता का, हे मला कसं कळणार? वर सुताराचं मशीन चालू होतं.

एका ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो. माझा पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच: लिहिलेलं काही नाही, मग करार झाला असं धरतात का? त्या म्हणाल्या, झाला की. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यात करार कागदावरच हवा अशी सरसकट अट नाहीच. दोघांची राजीखुशी, काहीतरी देणं-घेणं, करार करायला लायक माणसं आणि बेकायदा नसलेलं काम, एवढं असलं की तोंडी करार लेखीइतकाच करार. जगात बहुतेक ठिकाणी साधारण असंच आहे. "करार झाला का, हा तुमचा प्रश्नच नाही," बाई म्हणाल्या. "तो झाला हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे, हा प्रश्न आहे."

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. बोलताना तिसरं कोण होतं? माझा हेल्पर आणि सुतार. सुतार माझा पगारी माणूस नाही, म्हणून त्याच्या शब्दाला जास्त वजन. दर ठरला का? ठरला असं माझं म्हणणं. आणि त्यानंतर मालकांनी काय केलं? हा प्रश्न मला सुचलाच नसता. मालकांनी त्या जादा पॉइंटांसाठी लाइट स्वतः आणले होते. त्याची पावती त्यांच्याच नावावर होती, आणि त्यातल्या चौदा वस्तू माझ्या चौदा पॉइंटांशी बरोबर जुळत होत्या. बाईंचा चेहरा तिथे पहिल्यांदा खुलला. माणूस काय बोलला ते सिद्ध करणं अवघड असतं, पण बोलण्यानंतर तो कसा वागला त्याच्या खुणा मागे राहतात: ॲडव्हान्स, माल, पावत्या, "उद्या या"चे मेसेज. दिवाणी भांडणात संशयाला जागाच नाही इतकं सिद्ध करावं लागत नाही. दोघांपैकी कोणाची हकिगत जास्त संभवनीय, एवढंच तोलतात.

दराचं जमलं नाही तरी सगळं बुडत नाही, हेही तेव्हाच कळलं. त्याच कायद्याचं सत्तरावं कलम सांगतं की कोणी फुकट करायच्या इराद्याने न केलेलं रीतसर काम दुसऱ्याने उपभोगलं, तर त्याची भरपाई द्यावी लागते. इंग्लंडमध्येही कामाच्या रास्त मोलाचा असा दावा चालतो, त्याला 'क्वांटम मेरुइट' म्हणतात. थोडक्यात, दर सिद्ध झाला नाही तर कोर्ट वाजवी दर काढू शकतं. वाजवी म्हणजे तुमच्या मनातला नव्हे.

कोर्टापर्यंत गेलो नाही. एक पत्र, दोन बैठका, आणि मागितल्यापैकी साधारण दोन तृतीयांश घेऊन विषय मिटवला. घरी येताना वही घेतली.

आता वहीविषयी.

पहिली वही मी बिनकार्बनची घेतली. ज्यात कागदालाच मसाला लावलेला असतो आणि दाब पडला की खाली निळं उमटतं, ती. हाताला काळं लागत नाही, कार्बन सरकत नाही, दिसायला देखणी. साइटवर ती चार महिन्यांत नापास झाली. एक वही गाडीत काचेपाशी पडून राहिली, ऊन लागलं, आणि आधीची पिवळी पानं इतकी फिकटली की आकडे तिरपे धरून वाचावे लागले. पुरावा म्हणून ठेवायच्या कागदाचं हे लक्षण नव्हे. दुसरी वही जुन्या पद्धतीची, सुट्या कार्बनची घेतली. बोटं काळी होतात, पण अक्षर जागचं हलत नाही.

हा कार्बन मुळात हिशेबासाठी नव्हताच. इंग्लंडमध्ये राल्फ वेजवुडने १८०६ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते अंध माणसांना लिहिता यावं म्हणून होतं. शाई लावलेला कागद मधे ठेवायचा आणि बोथट टोकाने गिरवायचं. ईमेलच्या वर आपण जे 'सीसी' टाकतो ते कार्बन कॉपीचंच लघुरूप. माझ्या मुलीला हे सांगितलं तर तिने कार्बन म्हणजे काय ते विचारलं.

पेन बॉलपेनच हवं. जेल पेनने वर सुंदर आणि खाली कोरं. अक्षर दाबून लिहायची सवय आठवड्याभरात लागते.

मी काय लिहितो? नमुना देतो. "नं. २३. सकाळी साडेदहा, स्वयंपाकघर. हजर: मालकीणबाई, सुतार, मी. ओट्याच्या डाव्या टोकाला १६ अँपिअरचा एक पॉइंट जादा. दर कोटेशनमधल्या १६ अँपिअरच्या पॉइंटचाच. झिरी मारणं आणि बुजवणं त्यात आलं. टाइल कापणं आमच्याकडे नाही." तारीख वर छापलेल्या जागी. खाली सही. पांढरं पान तिथल्या तिथे त्यांच्या हातात. सगळं मिळून दोन मिनिटं.

सहीवरून सुरुवातीला मी फार अडायचो. माणसं बिचकतात. दोन ओळींच्या कागदावर सही मागितली की जणू घर लिहून घेतोय. आता मी आग्रह करत नाही. कारण वर्षभराने ध्यानात आलं की खरा जोर सहीत कमी आणि त्याच दिवशी कागद पोचण्यात जास्त आहे. मी माझ्याच वहीत माझ्याच फायद्याचं काहीही लिहून ठेवीन, त्याला कोण विचारतो? पण तोच मजकूर त्याच दिवशी समोरच्याच्या हातात गेला, त्याने वाचला, आणि काम पुढे चालू दिलं, तर "असं ठरलंच नव्हतं" म्हणायला त्याला तीन महिने का लागले, याचं उत्तर त्याला द्यावं लागतं.

हे माझं डोकं नाही. व्यापाऱ्यांच्या कायद्यात ही कल्पना मुरलेली आहे. जर्मनीत दोन व्यापाऱ्यांचं तोंडी बोलणं झालं आणि एकाने लगेच खातरजमेचं पत्र पाठवलं, तर ते चुकीचं वाटत असल्यास दुसऱ्याने लागलीच कळवायचं. गप्प बसला तर सहसा पत्रातलं खरं धरतात. अमेरिकेत पाचशे डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालाच्या विक्रीला काहीतरी लेखी लागतं, पण दोघेही व्यापारी असतील आणि असं पत्र मिळून दहा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर 'लेखी काही नाही' ही सबब त्याला उरत नाही. माझे घरमालक व्यापारी नाहीत आणि मी माल विकत नाही, त्यामुळे हे नियम मला जसेच्या तसे लागू नाहीत. पण माणसाच्या गप्प बसण्याला अर्थ असतो, एवढं तत्त्व मी तिथून उचललं.

सही न करणाऱ्यांसाठी मी पांढरं पान फाडायच्या आधी वहीचा फोटो काढून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतो, खाली एकच ओळ: "आज असं ठरलं, चुकलं असेल तर कळवा." नुसतं व्हॉट्सॲपच का नाही, असं मुलगी विचारते. कारण मेसेज पुसता येतात, फोन बदलतात, आणि मुख्य म्हणजे साइटवरचं बोलणं उभ्याउभ्या होतं. संध्याकाळी मेसेज टाइप करायला बसलं की निम्मं विसरलेलं असतं आणि उरलेलं आपल्या सोयीने आठवतं.

रेकॉर्डिंगही करून बघितलं. फोन खिशात चालू ठेवायचा. एका आठवड्यात सोडून दिलं. तासभर ड्रिल मशीन ऐकून त्यात एक "हां, चालेल" शोधायचं, आणि ते "चालेल" कशाला म्हटलंय हे आवाजावरून कळत नाही, कारण बोट भिंतीकडे दाखवलेलं असतं. शिवाय न सांगता रेकॉर्ड करणं सगळीकडे चालत नाही. जर्मनीत खासगी बोलणं परवानगीविना टेप करणं हा गुन्हा आहे, कॅलिफोर्नियात खासगी संभाषणाला सगळ्यांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्या घरात महिनाभर वावरायचं त्याला चोरून टेप करणं मला जमण्यासारखं नव्हतं. वही उघडी असते. तिचा फायदा तोच आहे.

वहीने एकदा मलाच पकडलं, ते सांगितलं पाहिजे. मागच्या वर्षीच्या एका घरात बाथरूममधले गीझरचे दोन पॉइंट जादा झाले, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. बोलणं आठवत होतं, बाई कुठे उभ्या होत्या ते आठवत होतं. बिलात दोन्ही लावले. बाईंनी त्यांचं पांढरं पान पुढे केलं. त्यावर माझ्या अक्षरात: "जुन्या जागचे दोन रद्द, त्या बदल्यात हे दोन." वही काढून बघितली, पिवळ्यावरही तेच. मी खोटारडा नव्हतो, मला खरंच तसं आठवत होतं. बिल कमी केलं आणि त्या जिन्याखालच्या साहेबांची आठवण झाली.

इंग्लंडमधल्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेगट यांनी २०१३ मध्ये गेस्टमिन विरुद्ध क्रेडिट स्वीस या खटल्यात नेमकं यावरच लिहिलं आहे. आठवण जितकी ठसठशीत आणि जितक्या खात्रीची, तितकी ती खरी असं नसतं, आणि दावा लागला की आठवण त्या दाव्याच्या बाजूने झुकते. म्हणून साक्षीदारांच्या आठवणींपेक्षा त्या वेळच्या कागदांवर आणि सिद्ध झालेल्या गोष्टींवर भिस्त ठेवणं बरं, असं त्यांचं मत. त्याच न्यायमूर्तींपुढे २०१७ मध्ये दुसरं मजेदार प्रकरण आलं. माइक ॲश्ली या उद्योगपतीने लंडनच्या एका पबमध्ये दारू पिता पिता, कंपनीच्या शेअरचा भाव आठ पौंडांवर नेलास तर दीड कोटी पौंड देईन, असं एका सल्लागाराला म्हटलं होतं. भाव पुढे खरंच तिथे पोचला आणि सल्लागार कोर्टात गेला. तो हरला. शब्द उच्चारले गेले, पण तिथे बसलेल्या कोणालाही ते गंभीर वाटले नसते, असं कोर्टाने ठरवलं.

या प्रकरणाने मला वहीचा एक उपयोग कळला, जो घेताना डोक्यात नव्हता. ती थट्टा आणि करार वेगळे करते. "सगळीकडे फूटलाइट लावून टाका!" असं मालक हसत हसत म्हणतात. मी वही उघडून पेनाचं टोपण काढतो. मग एकतर ते म्हणतात, "अहो, नाही, सहज म्हटलं," किंवा थांबून विचारतात, "किती होतील?" दोन्ही उत्तरं मला चालतात.

आता उणिवा. काही गोष्टी रीतसर लेखी कागदाशिवाय होतच नाहीत, आणि त्या माझ्या चिठ्ठीने होणार नाहीत. इंग्लंडमध्ये १६७७ साली लबाडी आणि खोट्या साक्षी थांबवायला कायदा झाला. जमिनीचे व्यवहार, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं, वर्षाच्या आत पुरे न होणारे करार, हे सगळं त्याने लेखी आणि सहीचं मागितलं. त्या काळी तिथे दाव्यातल्या पक्षकाराला स्वतःची साक्षच देता येत नसे, ती मुभा आली १८५१ मध्ये. म्हणजे सगळा खेळ भाड्याच्या साक्षीदारांचा. त्या कायद्याचा बराच भाग पुढे रद्द झाला, पण जामिनाचं कलम तिथे अजून चालू आहे. फ्रान्समध्ये दीड हजार युरोंच्या वरचा व्यवहार सर्वसाधारणपणे लेखी पुराव्यानेच सिद्ध करावा लागतो. तेव्हा मोठ्या रकमेला चिठ्ठीवर विसंबू नका.

दुसरी उणीव जास्त बोचरी. तुमच्या मूळ कोटेशनमध्ये किंवा करारात 'यातले बदल लेखी आणि सहीनेच' असं वाक्य असेल, तर तोंडी ठरलेलं अडचणीत येऊ शकतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी अट बंधनकारक मानली. मग फोनवर काहीही ठरलेलं असो. असं कलम असेल तिथे मी सहीबाबत ऐकत नाही, बिचकले तर बिचकले.

तिसरी, मुदत. वही कपाटात आहे म्हणून निवांत राहता येत नाही. आपल्याकडे पैशांच्या अशा दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षं. कॅलिफोर्नियात लेखी कराराला चार वर्षं आणि तोंडी कराराला दोनच.

आणि बनावटीच्या तक्रारी. टोचणं नीट नसेल तर पान मधूनच फाटतं. माझ्या दुसऱ्या वहीत नंबर ६१ सहीसकट अर्धा गेला. एका वहीत ३८ नंतर परत ३८ छापलेला होता. दुकानात कोणी मोजून घेत नाही, पण उद्या कोणी "मधलं पान घुसडलं" म्हणालं तर उत्तर काय देणार? आता घेतानाच सगळे नंबर चाळतो. चुकलेलं पान फाडून टाकायचं नाही, दोन्ही पानांवर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहायचं आणि वहीतच ठेवायचं. सलग नंबर हीच तर या वहीची अर्धी किंमत.

सगळ्यात मोठा धोका मात्र पांढरं पान फाटल्यानंतर. एका आजोबांनी चिठ्ठी घेतली, चष्मा लावून वाचली, 'तीन'चं 'दोन' केलं, शेजारी सही केली आणि खिशात घातली. दुरुस्ती बरोबरच होती. पण माझ्या पिवळ्यावर अजून तीनच. त्यांना विनंती करून पान परत घेतलं, कार्बन घालून जुळवायला गेलो तर रेषा बसेना. शेवटी नवा नंबर लिहिला. तेव्हापासून वाचून दाखवतो, दुरुस्ती असेल ती वहीतच करायला लावतो, आणि मगच फाडतो.

पाचपैकी चार. कापलेला एक गुण टोचण्याचा आणि नंबरांचा. घ्यायची तर सुट्या कार्बनची, छापील नंबरांची, दोनच प्रतींची घ्या. तीन प्रतींच्या वहीत तिसरीवर काही उमटत नाही. आणि मागच्या पुठ्ठ्यात कार्बनचा एक जादा कागद ठेवा. माझा नेमका स्लॅबच्या दिवशी विरला होता.